घसरत्या मॅनेजरची खतावणी कशी लिहावी

२४ फेब्रुवारी २०१७, शुक्रवार, महाशिवरात्र. सकाळी उठून मोबाईल बघितला, तर लेस्टर या इंग्लिश फुटबॉल क्लबनं आपला मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, क्लाउडिओ रानिएरी याला घरी पाठवलेलं. तोंड धुवायच्या आत दाजींचा फोन आला आणि दहा वाजता दाजी स्वतःच आले. पुतण्या दहावीत होता, परीक्षा तोंडावर होती, तरी तोही पुस्तक मिटून बाहेर आला. दाजी मँचेस्टर युनायटेडवाले, पुतण्या चेल्सीवाला आणि मी आर्सेनलचा. लेस्टरशी तिघांचा काडीचा संबंध नाही. पण साबुदाण्याची खिचडी ताटलीत गार होऊन तिचा गोळा झाला आणि आमचे आवाज इतके चढले की बायको आतून धावत आली. "कोण गेलं?"

"नोकरी गेली एका इटालियनाची," दाजी म्हणाले.

दाजींचं म्हणणं एका ओळीचं होतं. "अहो पाव्हणं, नऊ महिन्यांपूर्वी ज्यानं प्रीमियर लीगचा कप आणून दिला त्याला हाकलून लावता? ही काय रीत झाली?" पुतण्याचं उत्तरही एका ओळीचं. "मामा, कप आणला कांतेनं. कांते गेला, कप गेला. वीस टीमांत सतरावा नंबर आहे त्यांचा!" कांते म्हणजे लेस्टरचा मिडफिल्डर, कपानंतर चेल्सीला गेलेला.

मी लक्ष्मीपुरीतल्या व्यापाऱ्यांच्या वह्या लिहितो, पंचवीस वर्षं झाली. दोन माणसं खरं बोलत असतील आणि तरी बेरीज जुळत नसेल, तर आमच्यात समजायचं की दोन खाती एकात मिसळलीत. त्या दिवशी मी पुतण्याची गणिताची वही ओढून घेतली आणि मागच्या कोऱ्या पानांवर रानिएरीचं खातं उघडलं. तेव्हापासून आमच्याकडे असली भांडणं वहीवर होतात. ती पद्धत सांगतो. तुमच्या घरी कोणत्या क्लबची माणसं आहेत यानं काही फरक पडत नाही.

पान दोन्ही बाजूंनी उघडा

डाव्या पानावर लिहा: जे झालं त्यात याचा वाटा किती? उजव्या पानावर लिहा: उद्यापासून टीम याच्याच हातात ठेवायची का?

दाजी डाव्या पानावरचं उत्तर उजव्या पानावर देत होते. पुतण्या उजव्या पानाचा आकडा दाखवून डावं पान फाडत होता. कुठल्याही अड्ड्यावर बसा, नव्वद टक्के आरडाओरडा एवढ्याच घोटाळ्यातून होतो. म्हणून बोलणाऱ्याला आधी विचारायचं, "कुठल्या पानावर आहेस?" पहिल्या दिवशी हसतील. चौथ्या दिवशी स्वतःहून सांगतात.

आरंभीची शिल्लक बघा

नवीन दुकानाची वही हातात आली की मी आधी मागच्या मार्चअखेरची शिल्लक काढतो. मालक सांगत असतो, "यंदा धंदा दुप्पट केला," आणि शिल्लक बघितली की कळतं, गोदाम बापानंच भरून ठेवलं होतं.

रानिएरी जुलै २०१५ मध्ये लेस्टरला आला. त्याआधीच्या सीझनला नायजेल पिअर्सनच्या हाताखाली लेस्टरचे २९ मॅचमध्ये फक्त १९ पॉइंट होते. नाताळात टेबलच्या तळाशी. मग शेवटच्या ९ मॅचपैकी त्यांनी ७ जिंकल्या, एक ड्रॉ केली, एक हरले. ४१ पॉइंट आणि चौदावा नंबर. खालच्या लीगमध्ये जायची वेळ टळली, जीव वाचला. तरी त्या उन्हाळ्यात पिअर्सनची नोकरी गेली. वार्डी, महरेझ, मॉर्गन, श्मायकेल, ड्रिंकवॉटर ही सगळी मंडळी रानिएरीला तयार मिळाली. फुक्स आणि ओकाझाकी यांची खरेदीसुद्धा पिअर्सन असतानाच झालेली. कांते रानिएरी आल्यानंतर आला, पण त्याला हेरणारा माणूस स्टीव्ह वॉल्श, जो आधीपासून क्लबात होता.

म्हणजे शिल्लक शून्य नव्हती. पुतण्याची कळी खुलली. "बघा! मी तेच म्हणतोय."

थांब म्हटलं. आता आणखी एक पान काढ. चेल्सी, मे २००४.

त्याच रानिएरीला चेल्सीनं त्या वर्षी काढलं. लॅम्पार्ड त्याच्याच काळात २००१ मध्ये वेस्ट हॅमहून आलेला. टेरी त्याच्याच हाताखाली टीममध्ये पक्का झालेला. माकेलेले, जो कोल, डफ आले २००३ मध्ये. चेक आणि रॉबेन यांचे सौदेसुद्धा रानिएरी खुर्चीवर असतानाच ठरले होते. ७९ पॉइंट घेऊन चेल्सी दुसरी आली आणि पहिली आली ती एकही मॅच न हरलेली आर्सेनल. (हे वाक्य मी दरवेळी जरा सावकाश म्हणतो.) मग मोरिन्यो मॅनेजर म्हणून आला आणि पहिल्याच वर्षी ९५ पॉइंट, अख्ख्या लीगमध्ये फक्त १५ गोल खाल्ले, पन्नास वर्षांनी चेल्सी चॅम्पियन.

पेरलं एकानं, कापलं दुसऱ्यानं. २०१६ चं श्रेय पिअर्सनला वाटून द्यायचं असेल, तर २००५ च्या श्रेयातला वाटा रानिएरीला द्यावा लागतो. पुतण्या गप्प झाला. मोरिन्योचा फोटो त्याच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला होता.

आरंभीची शिल्लक काढायची, तर ती सगळ्यांची काढायची. आधी आपल्या लाडक्याची.

अक्षर ओळखा

वही दहा जणांनी लिहिली असली तरी कुठली ओळ कोणाच्या हातची हे मला अक्षरावरून कळतं. मॅनेजरच्या बाबतीत हीच पायरी सगळ्यात अवघड असते, म्हणून लोक ती गाळतात आणि "टॅक्टिक्स भारी होते" असं मोघम काहीतरी बोलून मोकळे होतात. मोघम चालणार नाही. असा एक निर्णय दाखवा, जो याच माणसानं घेतला आणि ज्याचा परिणाम मोजता येतो.

रानिएरीचा असा निर्णय मला नेमका माहीत आहे, कारण त्याला तो घ्यायला आम्ही भाग पाडलं. २६ सप्टेंबर २०१५, लेस्टरच्या घरी आर्सेनल ५-२. आमच्या सांचेझचे तीन गोल. मी सोफ्यावर उभा राहून नाचलो होतो. तोपर्यंत लेस्टर जिंकत होतं खरं, पण गोलही खात होतं. बचावातले दोन्ही बाजूंचे बॅक, डी लाट आणि श्लप, पुढं पळायचे आणि मागं मैदान मोकळं राहायचं. पुढच्याच मॅचला, नॉर्विचविरुद्ध, रानिएरीनं दोघांनाही बॅकच्या जागेवरून काढलं. उजवीकडे सिम्पसन, डावीकडे फुक्स. दोघं कमी पळणारे, जागा धरून राहणारे.

आता आकडे बघा. पहिल्या ९ मॅचमध्ये लेस्टरनं १७ गोल खाल्ले, एकही क्लीन शीट नाही, म्हणजे गोल न खाता एकही मॅच काढली नाही. रानिएरी पोरांना म्हणाला होता, एक क्लीन शीट द्या, पिझ्झा माझ्याकडून. दहाव्या मॅचला, २४ ऑक्टोबरला, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध १-० झालं आणि तो खरंच सगळ्यांना पिझ्झाच्या दुकानात घेऊन गेला. पिझ्झे मात्र पोरांनाच लाटायला लावले. उरलेल्या २९ मॅचमध्ये लेस्टरनं खाल्ले फक्त १९ गोल. मार्चपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत वॉटफर्ड, न्यूकॅसल, पॅलेस, साउथॅम्प्टन अशा सलग चार मॅच १-० नं काढल्या. लीगचा कप त्या चार मॅचमध्ये आला, आणि त्या चार मॅचमध्ये मला ते दोन बॅक दिसतात. पिअर्सन तेव्हा घरी होता आणि वॉल्शचं काम माणसं हेरायचं होतं. ही ओळ रानिएरीच्याच हातची.

दुसरी ओळ दिसायला आणखी अवघड, कारण ती न केलेल्या गोष्टीची आहे. चेल्सीत असताना हा माणूस दर मॅचला टीम बदलायचा, म्हणून इंग्लंडात त्याला 'टिंकरमॅन' म्हणायचे. सतत खाटखूट करणारा, आपल्याकडच्या हौशी मेकॅनिकसारखा. लेस्टरमध्ये त्यानं ते बॅक बदलले आणि मग हात बांधून बसला. तीच ४-४-२ ची मांडणी, जवळजवळ तेच अकरा. चालत्या गाड्याला खीळ घालायची नाही, हे साठी ओलांडलेल्या माणसाला स्वतःचा स्वभाव मोडून जमलं. दुकान चालतंय म्हणून फर्निचर न बदलणारा मालक मी पंचवीस वर्षांत दोनदाच बघितलाय.

पुतण्याला मी सांगितलं, अक्षर सापडलं नाही तर श्रेय देऊ नकोस, माझी हरकत नाही. पण शोधल्याशिवाय "कोणीही जिंकलं असतं" म्हणायचं नाही. ५,००० ला १ असा भाव होता त्यांचा. कोणीही जिंकलं असतं, तर त्या भावात पैसे लावायला रांग लागली असती.

नशिबाला एकच कात्री

त्या वर्षी मोठ्या टीम झोपल्या होत्या हे खरं आहे. आदल्या वर्षीची चॅम्पियन चेल्सी दहावी आली. १४ डिसेंबरला लेस्टरकडून २-१ हरली आणि तीन दिवसांत मोरिन्योची उचलबांगडी झाली. दोन्ही मँचेस्टर ६६ वर अडकले, टॉटेनहॅम ७०, आम्ही ७१. लेस्टरचे ८१. पुढच्या वर्षी चेल्सीनं ९३ केले, त्यापुढं ८१ चं काही चाललं नसतं. लेस्टरला युरोपातल्या मॅच नव्हत्या आणि मोठ्या दुखापतीही झाल्या नाहीत. हे सगळं कापा. मी अडवत नाही.

फक्त तीच कात्री घेऊन पुढच्या वर्षावर या. कांते चेल्सीला गेला, वॉल्श एव्हर्टनला गेला, युरोपातल्या चॅम्पियन्स लीगच्या मॅच वाढल्या, प्रत्येक टीम आता लेस्टरला जागा न देता मागं बसायला लागली. चढतीतलं नशीब वजा करायचं आणि उतरतीतलं नशीब मात्र मॅनेजरच्या नावे टाकायचं, अशी वही कोणी लिहिली तर त्याला आमच्या धंद्यात दुसरं नाव आहे.

उतरती मॅचप्रमाणे लिहा

कात्री चालवूनही जे उरतं ते उरतं. पहिली मॅच हलकडून २-१ हरले. बाहेरच्या मैदानावर लीगमध्ये रानिएरीला त्या सीझनला एकही विजय मिळाला नाही. जानेवारी उजाडल्यापासून सहा लीग मॅच, शून्य गोल, शेवटच्या पाच सलग हार. २५ मॅच, २१ पॉइंट. आणि खाटखूट परत सुरू झाली होती, आखणी बदल, माणसं बदल. ही ओळही त्याच्याच हातची, तीही लिहायची. दाजींना हे पटवून घ्यायला वेळ लागला. त्यांचा स्वभाव असा की ज्यानं एकदा उपकार केला त्याच्या नावे काही लिहायचं म्हणजे पाप.

मग आली ती गंमत, जिच्यावर सगळे फसतात. रानिएरी गेला, त्याचाच सहायक क्रेग शेक्सपिअर बसला, चार दिवसांत लिव्हरपूलला ३-१ आणि लीगमध्ये सलग पाच विजय. स्पेनच्या सेव्हियाला २-० हरवून चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत. शेवटी ४४ पॉइंट, बारावा नंबर. पुतण्याचा फोन: "काका, झालं ना सिद्ध?"

अर्धं झालं. मॅनेजरला काढतात कधी? आकडे सगळ्यात खाली असताना. विहिरीच्या तळाला गेलेला पोहरा ओढला की वरच येणार. तेव्हा नवा मॅनेजर आल्यानंतरची उसळी बघून जुन्याचं माप काढू नका, किमान तेवढ्यावर नको. पण पाच मॅच सलग, तेही त्याच अकरा जणांसकट? यातलं काहीतरी रानिएरी आणि पोरांच्या बिघडलेल्या संबंधांचं असणार. ड्रेसिंग रूममध्ये आपण नव्हतो, म्हणून मी तिथं पेन्सिलीनं लिहितो.

खोडायचं नाही

रोजकीर्दीत चूक झाली किंवा माल परत आला, तर जुनी ओळ खोडत नाहीत, खाली उलटी नोंद करतात. रबर वापरणारा कारकून आणि खाडाखोड करणारा मालक, दोघांच्या वाटेला जाऊ नये.

२ मे २०१६ ची ओळ तशीच राहते. चेल्सी-टॉटेनहॅम २-२, टॉटेनहॅमला जिंकता आलं नाही म्हणून लेस्टर चॅम्पियन. ९ जानेवारी २०१७ ची ओळ राहते, त्या दिवशी झुरिचमध्ये फिफानं रानिएरीला वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक ठरवलं. ४५ दिवसांनी त्याखाली उलटी नोंद आली. वरची खरी म्हणून खालची खोटी होत नाही, आणि खालची आली म्हणून वरची पुसत नाहीत. हे दाजींना एका वाक्यात कळलं, कारण ते बँकेत होते.

मग उजव्या पानाचं काय? पिकलेल्या श्रेयावर किती दिवस उधारी द्यायची? माझं मत त्या दिवशी वेगळं होतं, आज वेगळं आहे. त्या दिवशी मी दाजींच्या बाजूचा होतो. आज म्हणतो, क्लबचा हिशेब बरोबर होता, रीत चुकली. सेव्हियाकडून हरल्याच्या दुसऱ्या दिवशी काढलं, तेही जेमतेम २-१ नं हरलेले, परतीची मॅच घरी बाकी असताना. मोठ्या श्रेयावर माणसाला थोडा जास्त वेळ मिळावा आणि निरोप नीट मिळावा. खुर्ची मात्र त्यावर मिळत नाही. बापजाद्यांचं नाव सांगून उधारी मागणारे पहिल्या दोन महिन्यांत किती चांगले वाटतात हे मला विचारा.

आता आपला मॅनेजर

हे सगळं लेस्टरवर सोपं जातं, आपलं काही जळत नसतं. खरी परीक्षा आपल्या माणसाची. माझा माणूस म्हणजे आर्सेनलचा मॅनेजर आर्सेन वेंगर.

१८ मार्च २०१७. वेस्ट ब्रॉमच्या मैदानावर आर्सेनल खेळत होती आणि आकाशात एक विमान शेपटाला फलक बांधून आलं: वेंगर चालते व्हा. थोड्या वेळानं दुसरं विमान आलं: आमचा आर्सेनवर विश्वास आहे. खाली आम्ही ३-१ हरलो. विमानं भाड्यानं घेऊन भांडणारे लोक! आणि दोघं एकाच पानावर नव्हते.

वेंगरची आरंभीची शिल्लक काढताना हात कापतो, पण काढली. सीमन, डिक्सन, विंटरबर्न, अॅडम्स, बोल्ड, कीऑन ही अख्खी बचावफळी आधीच्या मॅनेजरच्या, जॉर्ज ग्रॅहमच्या काळातली. बर्गकाम्प १९९५ चा, म्हणजे ग्रॅहमनंतरच्या ब्रूस रिऑकच्या वेळचा. १९९८ ची लीग आणि एफए कप त्या पायावर उभे राहिले. मग अक्षर शोधलं. २००३-०४, २६ विजय, १२ ड्रॉ, हार नाही. पहिल्या पसंतीच्या बचावफळीत लॉरेन, तुरे, कॅम्पबेल, कोल. ग्रॅहमचा एकही नाही. लॉरेन आणि तुरे तर मिडफिल्डर म्हणून आलेले, त्यांना वेंगरनं बॅक केलं. आंरी विंगवरून आला, त्याला मध्ये आणलं. इथं पिअर्सनही नाही आणि वॉल्शही नाही, पानभर एकच अक्षर.

बावीस वर्षांचं खातं एकात मांडू नका. मी तीन केली. २००५ पर्यंतचं एक. मग नव्या स्टेडियमच्या कर्जाची वर्षं, ज्यात ट्रॉफी नाही पण पहिल्या चारातली जागा सुटली नाही. सुरुवातीपासून मोजली तर सलग २० सीझन. हे मधलं खातं लोक नावे बाजूला टाकतात. मी जमेला टाकतो. कर्ज फेडता फेडता दुकान उघडं ठेवणं काय असतं ते मी रोज बघतो. तिसरं खातं शेवटच्या वर्षांचं. २०१७ ला पाचवे, एफए कप जिंकला म्हणून दोन वर्षांचा नवा करार, २०१८ ला सहावे आणि निरोप. तो करार मला तेव्हाच चुकीचा वाटला होता, मी दाजींसमोर कबूल केलं नाही इतकंच.

हे पान लिहायला मला दोन रविवार लागले. दाजींनी त्यांच्या युनायटेडच्या मॅनेजरचं, फर्ग्युसनचं खातं अजून उघडलेलं नाही. म्हणतात, गरज काय?

वही भरत आली होती, तरी रानिएरीच्या पानाखाली चार बोटं जागा मी सोडून ठेवली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये इटलीतली रोमा तिथल्या लीगमध्ये बाराव्या नंबरवर असताना त्यांनी त्र्याहत्तर वर्षांच्या या माणसाला निवृत्तीतून बोलावून आणलं, आणि मे २०२५ मध्ये रोमा पाचवी आली. दाजींनी रात्रीच मला कळवलं, सोबत पेढ्याचं चित्र. पुतण्या आता पुण्यात नोकरीला आहे. त्याचा सकाळी फोन आला. मला वाटलं, चेल्सीबद्दल काहीतरी असणार.

"काका, वही काढा. रोमाची आरंभीची शिल्लक काय होती?"